दिघीचा परदेशी

दाऊद मेस्त्रींचा एक पाय होडीत होता आणि दुसरा दिघीच्या चिखलात, तेवढ्यात हवालदाराने मागून त्यांचा सदरा धरला.

कुठे चाललात, असं त्याने विचारलं. मेस्त्रींनी समोर बोट दाखवलं. खाडीपलीकडे आगरदांड्याच्या वाळूत धर्माजी कोळ्याच्या नव्या मचव्याचा सांगाडा उभा होता. त्यावर फळ्या चढवायला मेस्त्री थेट कराचीहून आले होते. हवालदाराने व्हिसा उलगडला. त्यात दिघी लिहिलं होतं, तालुका श्रीवर्धन. आगरदांडा पडलं मुरूडच्या हद्दीत. तिथे पाऊल टाकलं तर बेडी घालीन, असं सांगून त्याने मेस्त्रींना खाली उतरवलं.

होडी घेऊन आलेल्या धर्माजीने कपाळावर हात मारून घेतला. चूक त्याचीच होती. फॉर्मात गाव कुठलं लिहू, असं मेस्त्रींनी पत्राने विचारलं होतं. धर्माजीने कळवलं, दिघी लिहा, तुमची बहीण तिथं आहे आणि बोटही तिथंच लागते. ही दोन वेगळी गावं आहेत हे त्याच्या ध्यानीमनीही नव्हतं. कोळी माणूस सकाळी या काठाला असतो आणि दुपारी त्या. खाडी हे त्याचं अंगण. अंगणातून तालुक्याची हद्द जाते हे त्याला कोण सांगणार?

मेस्त्री दिघीतच जन्मले. फाळणीच्या तीन वर्षं आधी कराची बंदरात नोकरी लागली म्हणून गेले, आणि ते तिकडे असताना मधे रेघ ओढली गेली. त्याला आता सात वर्षं झाली होती. तापवलेली फळी नुसत्या नजरेच्या मापाने वाकवणारा दुसरा माणूस या किनाऱ्यावर उरला नव्हता. सांगाड्याची मापंसुद्धा त्यांनी एका दोरीला गाठी मारून टपालाने पाठवली होती. दोरीला कुणी व्हिसा विचारला नाही. माणसाला मात्र विचारला.

व्हिसा एका महिन्याचा होता. गाव बदलून मिळावं म्हणून अर्ज केला तर उत्तर यायला दोन महिने लागणार होते. मचवा झाला नाही तर नारळी पौर्णिमेनंतर धर्माजीने समुद्राकडे नुसतं बघत बसायचं. त्याने एक रात्र विचार केला आणि सकाळी भावकीला गोळा केलं.

"मेस्त्रींना बंदी हाय," तो म्हणाला. "मचव्याला न्हाय."

पुनवेच्या भरतीला त्यांनी दोन जुने मचवे शेजारी शेजारी बांधले, त्यांच्यावर तो सांगाडा चढवला आणि वल्ही मारत खाडीपार आणला. हवालदार नियमांचं पुस्तक चाळत राहिला. लाकडाबद्दल त्यात काही नव्हतं.

मेस्त्रींनी बहिणीच्या वाडीत काम मांडलं. पण दिवसातून दोनदा चौकीवर हजेरी होती. एकदा फळी विस्तवावर नेमकी नरम झाली आणि हजेरीची वेळ भरली. मेस्त्रींनी थोडा वेळ मागितला, तो मिळाला नाही. चौकीत त्यांना तासभर उभं ठेवलं. परत येऊन बघतात तर फळी उभी चिरलेली. चांगली सागाची फळी, सरपणात गेली. रोज नव्याने जन्मगाव विचारायचं, रोज त्यांनी 'दिघी' सांगायचं, आणि त्याच दिघीच्या चौकीत त्यापुढे 'परदेशी' लिहायचं. लिहिणाऱ्याला लाज वाटत नव्हती; ऐकणाऱ्या धर्माजीचा मात्र रोज संताप होई.

विसाव्या दिवशी मेस्त्रींनी हवालदाराला विचारलं, मुदत वाढवून मिळेल का. हवालदार हसला. धर्माजीने मेस्त्रींना बाजूला घेऊन समजावलं की कशाला त्याच्या तोंडाला लागता, मचवा वेळेत होतोय.

आणि झाला. अठ्ठाविसाव्या दिवशी शेवटच्या फटीत कापूस आणि राळ बसली. धर्माजीने नारळ फोडला, मेस्त्रींना मानाचे नवे कपडे दिले. त्याच्या आनंदाला पारावार नव्हता.

दोन दिवसांनी बोट धक्क्याला लागली. मेस्त्रींच्या हातात एकच पत्र्याची पेटी होती. बायको तिकडेच वारली होती, मूलबाळ नव्हतं. धर्माजी म्हणाला, "फुडल्या वर्षी दोन मचवे काढू. या बारीला दोनी गावं लिहा, म्हंजी झालं. सुट्टी तेवढी लवकर मागा."

मेस्त्रींनी पेटी खाली ठेवली.

"सुट्टी कसली, धर्माजी," ते म्हणाले. "नोकरी सोडून आलो होतो. मरेपर्यंत हितंच राहायचं म्हणून."