एक श्वास माहेरचा

बावीस वर्षं लडाखच्या वसाहतीत काढून कुंदा देवबागला माहेरी आली, तर भावाने, बाबल्याने, तिचं अंथरूण माळ्यावर घातलेलं.

"उंचावर तुका बरा वाटात गो!"

विरळ हवेसाठी तिकडे बदलून दिलेल्या तिच्या रक्ताला समुद्रकाठची दाट हवा सोसत नव्हती. म्हणून तोंडावर हवा पातळ करणारा मास्क होता. त्यातून वास मात्र येत नसे. डॉक्टरांनी मास्कशिवाय एकच श्वास घ्यायची परवानगी दिली होती.

अंगणात खारे बांगडे वाळत होते. कुंदाने तिथे जाऊन मास्क काढला, डोळे मिटले आणि छाती भरून श्वास घेतला.

"आता सोड गो तो! जीव जायत!" बाबल्या ओरडला.

गाल फुगवून, डोळ्यांत पाणी आणून कुंदाने ठामपणे नकारार्थी मान हलवली.