एकाच अंगणातली वेल

"सतरा," ज्लात्को म्हणाला आणि त्याने पेन्सिल कानामागे खोचली. "वीसच्या वर गेली, आजी, की मुळासकट काढावी लागेल. माझ्या हातात काही नाही."

पेरिना आजीने अंगणाकडे पाहिलं. घराची पुढची भिंत, जिन्याचा कठडा, विहिरीचं झाकण, सगळीकडे निळी वेल पसरली होती. सकाळची वेळ, त्यामुळे फुलं भरभरून उमललेली. ही वेल तिच्या नवऱ्याने, फ्रानेने, जहाजावर असताना कुठल्याशा दूरच्या बंदरातून ओल्या मोज्यात गुंडाळून आणली होती. फ्राने जाऊन नऊ वर्षं झाली. आता सकाळी उठून ती त्या वेलीशीच बोलत असे. वेल गेली तर बोलायचं कुणाशी?

ज्लात्को माणूस भला होता. या बेटावर तो झाग्रेबहून आला होता, म्हणजे समुद्रापासून लांबचा. परमुलखातून येऊन इथल्या झाडांच्या छातीवर बसणाऱ्या वनस्पतींची धोक्याप्रमाणे क्रमवारी लावायची, हे त्याचं काम. शाळेत जास्त गुण मिळाले की शाबासकी मिळते, त्याच्या यादीत कुदळ मिळायची.

इतर झाडांना गुदमरवते का? हो. छाटली तर पुन्हा फुटते का? दुपटीने. बी धरते का? इथे तरी नाही.

"आता शेवटचा प्रश्न," तो म्हणाला. "बी नाही म्हणजे ही फांदीनेच पसरणार. आणि फांदीला काही पाय नसतात, माणसंच नेतात. तुम्ही कुणाला फांदी दिलीत?"

"देवाशपथ सांगते, चाळीस वर्षांत एकही नाही. कुणी मागितलीच नाही."

"गावात आणखी कुठे दिसली तर सहा गुण वाढतील. सतरा आणि सहा..."

"मला बेरीज येते रे बाळा. तू आधी जरा आडवा हो. बोटीने तुझा पार चोथा केलाय."

ते खरंच होतं. दक्षिणेचा दमट वारा, आमच्याकडे त्याला जुगो म्हणतात, तीन दिवस हटायला तयार नव्हता. "जुगोत माणसाचं डोकं चालत नाही, साहेब, आणि रुमालसुद्धा सुकत नाही," असं बोटवाल्याने निघतानाच सांगितलं होतं. ज्लात्को त्यावर हसला होता आणि पुढच्याच लाटेला त्याने कठड्यावरून ओकारी काढली होती.

आजीने त्याला आतल्या खाटेवर निजवलं. खाटेवर नुसती उघडी गादी होती.

"चादरी सगळ्या बाहेर आहेत," ती ओशाळून म्हणाली. "उद्या संत रोकोचा सण ना."

तासाभराने तो गावात निघाला. गाव ते केवढं, अकरा घरांचं. सणाची धुणी जोरात चालली असावीत, कारण प्रत्येक अंगणात भिंतीवरून पांढऱ्याशुभ्र चादरी सोडलेल्या होत्या. जुन्या, जाड, आंदणातल्या असतात तशा. कोपऱ्यात निळ्या दोऱ्याने जहाजाचा नांगर भरलेला. दर्यावर्दी गाव, दुसरं काय भरणार, असं म्हणत त्याने दोन-तीन ठिकाणी भरतकामाचं कौतुकही केलं. बायका लाजल्या.

तो कोंबड्यांच्या खुराड्यामागे वाकला, अंजिराखाली रांगला, द्राक्षाच्या मांडवात शिरला. वेल कुठेच नव्हती. घरोघरी मात्र सुकी अंजिरं आणि पेलाभर राकिया, म्हणजे घरी गाळलेली कडक दारू, होती, आणि नको म्हटलेलं कुणाला ऐकू येत नव्हतं. पाचव्या घरानंतर त्याला हे बेट फार आवडायला लागलं. सातव्या घरी तो चादरीला रेलणार तोच म्हातारबुवांनी त्याच्याखाली खुर्ची सरकवली. काय हे अगत्य, त्याला वाटलं.

शेवटचं घर दिंकाचं. ही दिंका पेरिना आजीशी अकरा वर्षं बोलत नव्हती. हे बोटवाल्याने सांगितलं होतं, म्हणून ज्लात्कोने मुद्दामच ते घर शेवटी ठेवलं होतं. गाव एकमेकांना सांभाळून घेईल, पण वैरी कशाला सांभाळेल?

"त्या बयेचं नाव काढू नका माझ्या दारात!" दिंका कडाडली. "तिच्या अंजिराची फांदी माझ्या अंगणात आली, तर त्या फांदीवरची अंजिरं मोजून नेली हो तिने! मोजून!"

"पण तिची वेल?"

दिंका दोन पावलं मागे सरली आणि भिंतीवरच्या चादरीला पाठ लावून, कमरेवर हात ठेवून उभी राहिली.

"वेल? ती कवडीचुंबक मला वेल देईल? काडीसुद्धा नाही दिली कधी. लिहा तसं. चांगलं ठळक लिहा."

त्याने ठळक लिहिलं. शेवटच्या प्रश्नाला शून्य. एकूण सतरा.

पेरिना आजीला त्याने आकडा सांगितला तेव्हा ती आधी रडली, मग तिने त्याचे दोन्ही गाल आपल्या हातांत धरून मुके घेतले. "इतकं शिस्तीचं गाव मी पाहिलं नाही," असं तो बोटीत चढताना मनापासून म्हणाला. आजीने रुमाल हलवला. बोट भूशिराला वळसा घालून दिसेनाशी होईपर्यंत ती धक्क्यावरच थांबली.

ती घरी परतली तर पायरीवर दिंका उभी होती. अकरा वर्षांत पहिल्यांदाच. तिच्या काखेत घडी घातलेली, अजून ओलसर असलेली चादर होती आणि घडीच्या कोपऱ्यात निळा नांगर दिसत होता. भलतीकडेच पाहत तिने ती आजीच्या हातात कोंबली.

"घे तुझी चादर. आणि पुढच्या वेळी दोन दे. चोरून आणलेली फांदी जोमाने रुजते म्हणतात ते खरं आहे बाई, माझी तर आता छपराला पोचतेय."