चौकटीत जागा

या, असे जवळ सरकून बसा. गोष्ट मोठी नाही. देवाने दोन माणसांची दुकानं शेजारी-शेजारी मांडली, त्याची आहे.

एक दुकान चष्म्यांचं, दुसरं फोटोंना फ्रेमा करून देणाऱ्याचं. मध्ये एकच भिंत. अलीकडे ती काचा घासायची, पलीकडे तो लाकूड कापायचा. तिचं मशीन थांबलं की तो भिंतीवर टकटक करायचा, म्हणजे चहा. तो तिला भिंग म्हणायचा, ती त्याला चौकट. पुढे गिऱ्हाइकंही त्याच नावांनी हाका मारू लागली. एकदा दोघांनी रक्तदान केलं आणि गट एकच निघाला. तेव्हा चौकट गल्लीभर सांगत सुटला की आता हिच्याशी भांडायचीही सोय राहिली नाही, ही तर रक्ताची निघाली.

भिंगला तो आवडायचा. हे त्याच्याखेरीज सगळ्यांना माहीत होतं. तिला मामाने वाढवलं होतं आणि मामाही आता नव्हता. वर्षअखेरीच्या सुट्या लागल्या, रस्त्यावर दिव्यांच्या माळा चढल्या, की चौकटच्या घरी सगळे जमायचे. त्याची आई भिंगलाही आग्रहाने बोलवायची. जेवणं झाली की घरच्यांचा फोटो निघायचा, आणि तो काढायचं काम भिंगचं. म्हणून भिंतीवरच्या एवढ्या फ्रेमांत ती एकाही फ्रेममध्ये नव्हती. एकदा ती गमतीत म्हणालीही, की तुम्ही सगळे जिकडे बघताय ना, तिकडे मी आहे. सगळे हसले. तीही हसली. मग खोलीवर जाऊन तिने देवाला हात जोडले आणि म्हणाली, एकदाच मला काचेच्या त्या बाजूला बसव.

त्या वर्षी चौकट दुपारी दुकान बंद करून कुठेतरी जाऊ लागला. विचारलं तर म्हणायचा, लाकूड बघायला. परत यायचा तो दमून, आणि लाकूड काही दिसायचं नाही. भिंगने मनाशी ओळखलं की कोणीतरी मुलगी आहे.  मग तिने त्या दिवसांत मशीन चहाच्या वेळेलाही चालू ठेवलं.

सुट्या लागल्या त्या दिवशी तोच तिच्या दुकानात येऊन बसला. ती शटर ओढायच्या बेतात होती. कितीतरी वेळ तो काउंटरवरचा एक चष्मा उघडत-मिटत राहिला.

"भिंग, लग्न करशील?"

"कोणाशी?"

"माझ्याशी. अजून कोणासाठी विचारायला येऊ?"

तिने त्याच्या हातातून चष्मा काढून घेतला, कारण तो त्याची काडी मोडणार होता. "आणि ती लाकूडवाली?" तिने विचारलं.

तो जमिनीकडे बघत म्हणाला की तसली कोणी नाही, कधीच नव्हती. त्याने मान वर केली नाही ती लाजून, असं तिला वाटलं. ती हो म्हणाली. मग शटर ओढायचं विसरून दोघं घरी चालत निघाली आणि अर्ध्या वाटेवरून परत आली.

त्या संध्याकाळी घरात नुसता आनंद होता. चौकटची मोठी बहीण, ताई, दोन पोरांना आवरता आवरता भिंगला मिठी मारून रडली. नंतर तिला शेजारी बसवून घेऊन झोप कशी लागते, कधी मोठं दुखणं झालं होतं का, बीपी-शुगर काही आहे का, असं सगळं विचारत बसली. भिंग म्हणाली, "ताई, भावजय बघताय की घोडा?" ताई इतकी हसली की तिला ठसका लागला. जेवताना चौकटला बूट घट्ट होतात म्हणून तो घरातल्याच चपला घालून बसला होता, त्यावरून नवरदेवाची थट्टा झाली. आईने त्याच्यासाठी वेगळं वाढलं. त्याने सरबताचे दोन घोट घेतले आणि पेला भिंगपुढे सरकवला. तिला ते फार गोड वाटलं.

मग फोटो. भिंग सवयीने उठली. आईने तिचा हात धरून तिला खाली बसवलं, अगदी मधोमध, आणि कॅमेऱ्याचं बटण दाबायला शेजाऱ्यांना हाक मारली. त्या फोटोत भिंगचे डोळे मिटलेले आले आहेत. ती देवाला काहीतरी सांगत होती.

कचेऱ्या उघडतील त्याच दिवशी सह्या करून टाकू, असं आईने ठरवलं. भिंगने विचारलं की काकू, एवढी कसली घाई. आई म्हणाली, इतकी वर्षं वाट पाहिलीस पोरी, अजून किती बघणार? भिंगच्या बाजूने दुसरं कोणी काही विचारणारं नव्हतं.

सह्या झाल्या. घरी येऊन सगळे जेवायला बसले. आईने आधी भिंगला वाढलं, तिच्या डोक्यावरून मायेने हात फिरवला.

"आता तू घरची झालीस," आई म्हणाली. "डॉक्टरांना आजच कळवते. दोन्ही किडन्या गेल्यात गं त्याच्या, तुला बोलला नसेल. बाहेरच्याची घेत नाहीत म्हणाले, बायकोची चालते. देवाने अगदी वेळेवर धाडलं तुला. नाहीतर माझ्या लेकीला द्यावी लागली असती."

चौकट पानातलं कालवत राहिला. भिंग नाही म्हणाली नाही.

तर मंडळी, आज देवापुढे हात जोडाल तेव्हा त्या घरच्यांची काळजी करू नका, ते सगळे सुखरूप आहेत. तिची तेवढी आठवण ठेवा.