तीन नंबरच्या खाटेपाशी लाल पिशवी

तीन नंबरच्या खाटेपाशी सकाळी लाल पिशवीचा डबा दिसला आणि छोटे डॉक्टर जागीच थांबले.

वापरलेल्या पट्ट्या आणि कापसाचे बोळे टाकायचा तो डबा. असे दोन डबे होते. एक वॉर्डाच्या दाराशी कायमचा, दुसरा सफाईवाल्या मावशींच्या ताब्यात. तो त्या कधी या खाटेपाशी ठेवत, कधी त्या. आणि जिथे ठेवत तिथल्या पेशंटला चार-सहा दिवसांत ताप येई, छातीवरची जखम ओली होई आणि पट्ट्यांचा कचरा खरोखरच वाढे.

हृदयाची ऑपरेशनं मोठे डॉक्टर करत. नंतर कुणाच्या जखमेत जंतू शिरतील हे आधीच ओळखायचं काम छोट्यांचं. त्यासाठी त्यांनी खपून एक तक्ता केला होता. वय, साखर, वजन, सिगारेट, ऑपरेशनला लागलेला वेळ. प्रत्येक गोष्टीला गुण. सातच्या वर गुण गेले की पेशंट धोक्यात. गेल्या चार महिन्यांत सहा जणांना संसर्ग झाला. त्यातले तक्त्याने दोन ओळखले, मावशींच्या डब्याने पाच.

त्या पाचांत एक निवृत्त शिक्षिकाबाई होत्या. गुण फक्त तीन. चष्मा सापडत नव्हता म्हणून बहिणीचं पत्र त्यांना डॉक्टरांनीच वाचून दाखवलं होतं, तेही दोनदा. जंतू हाडापर्यंत गेले आणि बाई गेल्या.

आता तीन नंबरवर टेलरकाका होते. गुण दोन. अंगाने सडसडीत, साखर नाही, व्यसन म्हणाल तर बडबडीचं.

दुपारी डॉक्टर बेसिनजवळचं स्टूल ओढत काकांच्या उशाशी घेऊन आले आणि बसले. मोठे डॉक्टर उभ्याउभ्याच पेशंट बघत. उभ्या माणसाला कुणी मनातलं सांगत नाही, असं छोट्यांचं मत होतं. त्यांनी हाताला औषध चोळलं. बोटांच्या बेचक्यांत ते झोंबलं, म्हणून तळव्यांवरच भागवलं. हात धुवून धुवून तिथली कातडी कधीची सोलली होती.

"काका, आठवून सांगा. कधी साखर वाढली होती? घरात कुणाला गळू, फोड?"

"काल सांगितलं, परवा सांगितलं. पोलीससुद्धा इतक्यांदा विचारत नाहीत हो." काका हसायला गेले आणि छातीला हात धरून थांबले. "टाके मात्र झकास घातलेत. मोठ्या डॉक्टरांना म्हणावं, दुकानात एक जागा रिकामी आहे."

"दुखतंय?"

"तुम्ही येऊन बसलात की नाही दुखत. तुमच्या हाताला गुण आहे. ही पट्टी बघा जरा, कोपरा सुटलाय. आणि घरी कधी सोडताय? नातीच्या फ्रॉकची एक बाही लावायची राहिलीय. कार्टी एका बाहीचाच घालून गल्लीभर मिरवतेय म्हणे."

डॉक्टरांनी सुटलेला कोपरा अंगठ्याने हळूच दाबून बसवला. "लवकरच सोडू," ते म्हणाले. लाल डब्याकडे त्यांनी मुद्दामच पाहिलं नाही. या माणसाला काही झालं तर आपल्याला ते सोसणार नाही, एवढंच त्यांना कळत होतं.

बोलता बोलता काकांचा डोळा लागला. मावशी लादी पुसत पुसत तीन नंबरपाशी आल्या.

"मावशी, हा डबा इथे का ठेवलात?"

"हलवू का?"

"नको. तुमचा अंदाज खरा ठरतो म्हणून विचारतोय. तुम्ही नक्की काय बघता? चेहरा? वास? माझ्या तक्त्यात एक रकाना कमी पडतोय. तेवढा सांगा, काका वाचतील."

मावशींनी फडकं पिळलं, पुन्हा बुडवलं, पुन्हा पिळलं. "त्या बाई गेल्या तेव्हा तुम्ही जिन्यात रडत होतात. मी पाहिलंय. म्हणून जीभ रेटत नाही."

"सांगा हो. मी काही मनावर घेणार नाही."

"माणसाकडे मी बघतच नाही. मला माझी खेप वाचवायची असते. कचरा वाढणार तिथे डबा आधीच नेऊन ठेवते. सकाळी लादी पुसायला आले की मी स्टूल बघते. वॉर्डात आहेच एक. आदल्या दिवशीचं ते ज्या खाटेपाशी राहिलेलं असतं, तिथला कचरा आठवड्याभरात वाढतो."

डॉक्टरांनी घाईघाईने तक्ता काढला, मांडीवर ठेवला आणि शेवटच्या रिकाम्या रकान्यात लिहिलं : स्टूल.

"आणि ते तिथे नेतं कोण?" मान वर न करताच त्यांनी विचारलं.

मावशींनी काकांच्या अंगावरचं पांघरूण नीट केलं, बादली जवळ ओढली आणि आपल्या मुलाशी बोलावं तशा हळू आवाजात म्हणाल्या,

"जरा उठता का, डॉक्टर? स्टुलाखालची लादी राहिलीय."