हात सोडणारी बाई

"आई म्हणवून घेतेस?" मोबाइल उंच धरलेला माणूस विचारत होता. "पोरगी पाण्यात गेली असती म्हणजे?"

पंचवटीच्या भाजीबाजारात, तुडवलेल्या कोबीच्या पानांवर तरन्नुम गुडघे टेकून बसली होती. सात वर्षांच्या फलकला तिनं छातीशी आवळून धरलं होतं. फलकचे पाय गोदावरीच्या चिखलानं भरले होते. अर्धा तास ती बेपत्ता होती. भाजी विकणाऱ्या सावित्रीबाईंना ती घाटाच्या शेवटच्या पायरीवर दिसली आणि त्यांनी तिला उचलून आणलं. फलकला बोलता येत नव्हतं. ती कुणाची, कुठली, हे तिला सांगताही आलं नसतं. आता ती आईच्या खांद्यावर डोकं आपटत एकाच सुरात ओरडत होती आणि भोवती माणसं वाढत होती.

"असली पोरं बाजारात आणायचीच कशाला?" कुणीतरी म्हणालं.

"आणली तर हात धरायला नको?" सावित्रीबाई अजून धापा टाकत होत्या. "मी वळून बघितलं नसतं तर?"

तेवढ्यात गर्दी बाजूला सारत सुवर्णा आत आली. पन्नाशीची, उंच, केस करडे झालेले. एका हातानं तिनं आपल्या मुलीला, पूजाला धरलं होतं. पूजा चोवीस वर्षांची होती आणि फलकसारखीच बोलत नसे. विशेष मुलांच्या शाळेत दर शनिवारी पालक जमायचे, तिथं तरन्नुमची आणि तिची ओळख झाली होती. एखादी नवी आई रडायला लागली की सुवर्णा न बोलता तिच्याशेजारी जाऊन बसायची. शाळेतल्या बाई सगळ्यांना सांगायच्या, सुवर्णाताईंकडं बघा, त्यांच्याकडून शिका.

"मोबाइल खाली घ्या," सुवर्णा म्हणाली. तिनं आवाज चढवला नाही. "तीन वर्षं ओळखते मी हिला. ही झोपेतसुद्धा लेकीचं मनगट धरून असते. ही हात सोडणारी बाई नाही. पोरीनं हिसडा दिला असेल. तुमच्या पोरांनी कधी दिला नाही?"

त्या माणसानं मोबाइल खिशात टाकला. सावित्रीबाईंनी गोणपाटाखालची पाण्याची बाटली काढली आणि तरन्नुमपुढं धरली. तिनं ती घेतली नाही. सुवर्णानं तिला दंडाला धरून उभं केलं आणि मागच्या गल्लीतल्या आपल्या घरी नेलं.

घरी सुवर्णानं बादलीत कोमट पाणी घेतलं आणि फलकचे पाय धुतले. बोटांच्या बेचक्यांतला चिखल निघेना, तर तिनं पदराच्या टोकानं पुसून काढला. फलक हळूहळू शांत झाली. मग पूजाशेजारी जमिनीवर बसून ती पंख्याकडं बघत राहिली. तरन्नुम दाराशीच उभी होती.

"बस गं."

"ताई, तुम्ही तसं का बोललात?"

"काय बोलले?"

"मी हात सोडणारी बाई नाही म्हणून."

सुवर्णानं बादली बाजूला ठेवली.

"तिनं हिसडा दिला नाही," तरन्नुम म्हणाली. "मी सोडला. मुद्दाम." तिचा आवाज कोरडा होता. "कुणी काही बोललं नव्हतं. रोज बोलतात. शेजारी भिंतीवर ठोकतात, जाऊबाई म्हणतात आश्रमात ठेव. आज तर कुणीच काही बोललं नव्हतं. मी मेथी निवडत होते. ती माझ्या हाताला धरून उभी होती, अगदी शहाण्यासारखी. आणि मी बोटं उघडली. मनात आलं, एवढी माणसं आहेत, कुणीतरी नेईल. कुणीतरी चांगलं. आणि चालायला लागले. कोपऱ्यापर्यंत गेले, ताई. मागं बघितलं नाही. मग पळत आले तर ती नव्हती."

सुवर्णानं पदराचं ओलं टोक पिळलं.

"तिला हाक मारता येत नाही. तरी मला ऐकू येतेय. मघापासून, अम्मी, अम्मी. आता ती समोर बसलीय तरी येतेय." तरन्नुमनं दोन्ही कान दाबून धरले. "घरी नवऱ्याला, लियाकतला काय सांगू? तुमच्यासारखी बाई माझ्यासाठी सगळ्यांसमोर खोटी पडली. त्या लोकांनी मारलं असतं तर बरं झालं असतं."

आता सुवर्णा आपल्याला बाहेर काढेल, असं तिला वाटलं. फलकला ठेवून घेईल आणि आपल्याला बाहेर काढेल. सुवर्णा उठली. तिनं दार लावून घेतलं, कडी घातली आणि तरन्नुमचे हात कानांवरून खाली आणले.

"ते ऐकू येणं थांबत नाही," ती म्हणाली. "कमी होतं. थांबत नाही."

तरन्नुम तिच्याकडं बघत राहिली.

"पूजा नऊ वर्षांची होती. तिला एसटी स्टँडवर बाकावर बसवलं. हातात बिस्किटाचा पुडा दिला. समोर जी गाडी लागली होती, तिच्यात चढले. खिडकीजवळ जागा मिळाली. तिथनं ती दिसत होती." सुवर्णा सावकाश बोलत होती, हे सगळं पहिल्यांदाच कुणाला तरी सांगत असल्यासारखं. "माझ्याकडं बघत नव्हती. पुडा फोडायचा प्रयत्न करत होती. तिला तो फुटत नव्हता. गाडी सुटली."

"मग?" तरन्नुमनं तिचे हात घट्ट धरले. "लगेच उतरलात ना, ताई? पुढच्या थांब्याला उतरलात ना?"

सुवर्णानं पूजाकडं पाहिलं.

"सिन्नरला उतरले," ती म्हणाली. "तासाभरानं. गाडी तिथनं पुढं जात नव्हती म्हणून."