पुस्तक कोणी मागवलं?

बायकोनं सोडचिठ्ठीसाठी खामगावच्या कोर्टातून धाडलेली नोटीस हाती पडली, तसा इंद्रभान बैलगाडीच्या कडेचा दांडा, उभारी, उपसून तडक सोनाळ्याच्या वाचनालयात घुसला. माहेरी निघून गेलेल्या बायकोच्या उशाखाली सापडलेलं, वाचनालयाचा शिक्का असलेलं पुस्तक त्यानं टेबलावर आपटलं. बायकांसाठी झालेल्या नव्या कायद्याचं पुस्तक होतं ते.

"ही घाण कोनं मांगवली बे?" तो ग्रंथपाल मोतीरामवर ओरडला. "इथं कोनी मांगल्याबिगर पुस्तक येत नाही, मले ठाऊक हाय. नाव सांग!"

नाव मोतीरामच्या ओठांवरच होतं. पण ते उच्चारलं तर ही उभारी पुढं कोणाच्या अंगावर पडेल, तेही त्याला दिसत होतं.

"म्याच मांगवलं," तो म्हणाला. "माह्याच मनानं."

पहिला तडाखा खांद्यावर बसला, दुसऱ्यानं मनगट मोडलं. तिसऱ्यानं कपाळ फुटून रक्त डोळ्यांत उतरलं, तरी नाव काही तोंडून निघेना. शेवटी इंद्रभाननं पुस्तकाच्या चिंध्या केल्या, त्यांवर थुंकला आणि चालता झाला.

मोतीराम हात गळ्यात बांधून पुन्हा कामावर आला, त्या दिवशी इंद्रभानची माय सत्यभामाबाई वाचनालयात आली. तिचा एक डोळा काळानिळा होऊन मिटला होता.

"तुमी माहं नाव नाही सांगतलं, भाऊ," ती म्हणाली. "मंग म्याच सांगतलं त्याले. आता तेच पुस्तक पुन्हा मांगवा. अन् या बारी दोन मांगवा, एक त्याले फाडाले लागते."