दोनवरचा पंखा

लग्नाला बारा वर्षं झाली तरी नवरा-बायकोचं पंख्यावरचं भांडण काही मिटलं नव्हतं. त्याला पंखा पाचवर लागायचा, तिला दोनवर. रोज रेग्युलेटरवर याचा हात, मग तिचा हात, मग शब्दाला शब्द. आणि गेल्या महिन्यापासून बाई एकदम गप्प. पंखा पाचवर गरगरतोय, पण तिच्या तोंडून चकार शब्द नाही.

त्याच्या मनात पाल चुकचुकली. दर मंगळवारी ती घरी दोन तास उशिरा येते, हेही आता त्याच्या ध्यानात आलं. विचारलं की एकच उत्तर, "ऑफिसात काम होतं."

या मंगळवारी तो तिच्या मागोमाग गेला. तिसऱ्या मजल्यावरच्या एका खोलीचं कुलूप तिने पर्समधल्या किल्लीने उघडलं, तेव्हा मात्र त्याचं डोकंच फिरलं. दार लागायच्या आत तो घुसला. पलंगाखाली वाकला, बाथरूममध्ये डोकावला, कपाट उघडून पाहिलं.

"कोण असतं इथे?"

"कोणीच नसतं," ती म्हणाली. "म्हणून तर भाड्याने घेतलीय."

त्याचा जीव भांड्यात पडला. कपाळावरचा घाम पुसत तो खुर्चीत टेकला आणि हात लांब करून त्याने पंखा दोनवरून पाचवर केला.